पहिल्या घागरीचा मान

आमचं देऊळ विहिरीतनं वर आलंय. ही सपनातली गोष्ट न्हाय. आधी विहीर खांदली, तिच्यातनं जो काळा दगड निघाला त्यो काठावर रचत गेले, आन त्याच दगडाचं देऊळ झालं. आज्जा म्हनायचा, विहीर जेवढी खोल तेवढंच देऊळ उंच, उलटं करून ठिवलं तर एकात एक बसंल. लहानपनी मला ते खरंच वाटायचं. आत गेलं की विहिरीसारखाच गारवा, विहिरीसारखाच वास, आन बोललं की आवाज तसाच घुमून माघारी यायचा. तामलवाडीच्या पल्याड माळ चढत जातो, त्या माळावर हे देऊळ. शिखर न्हाय, कळस न्हाय. वर एक लाकडी क्रूस, आन आत कोनाड्यात हातभर उंचीची मरियामाउली. फादर लोकांच्या कागदात तिचं नाव काय बी असंल, लोक तिला विहीरमाउली म्हनत्यात. आंब्याच्या दिवसांत तिची यात्रा भरती.

आता तिथं फरशी झालीया, पंखे झाल्यात. यात्रेला गाड्या लावायला जागा पुरत न्हाय. भूमचे, तेरचे, सोलापूरचे, पार पुन्यातनं लोक येत्यात. नात म्हनती, आज्जी, तुझ्या वख्ताची गोष्ट सांग, पन साल सांग. साल मला येत न्हाय. ज्या साली सरकारनं लाल ज्वारी दिली आन बाया-बापे रस्त्यावर खडी फोडाया गेले, त्या सालची ही गोष्ट. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळंल.

देवळाच्या मागल्या भिंतीला टेकून आमचं धाब्याचं दोन खनाचं घर व्हतं. माझा बा, याकोबा, देवळाचा राखनदार. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवायची, दिव्यात तेल घालायचं, विहिरीचा दोर-पोहरा नीट ठिवायचा, हे त्याचं काम. त्याच्यावर पोट भरत नव्हतं, म्हनून बाकीच्या वख्ताला लोकांच्या रानात मजुरी. तांबडं फुटायच्या आधी मायचं जातं सुरू व्हायचं. मंग आज्जाचा खोकला. मंग बाची घंटा. ह्या तीन आवाजांवर आमचा दिस उगवायचा. माय दळताना मरियामाउलीची गानी म्हनायची, पन चाल जात्याचीच असायची, अन् फटफटीवरनं महिन्यातनं एकदा येनारा फादर ती ऐकून हसायचा. "बाई, हे गीत पुस्तकात कसं हाय आन तुमी कसं म्हनता!" माय म्हनायची, "फादर, पुस्तकाला दळाया लावा, त्याची बी चाल बदलंल."

खायला ज्वारीची भाकर, येसराची आमटी, शेंगाची चटनी. यात्रेला मातुर गुळाची लापशी. मोठ्या कढईत बा ती उलथन्यानं हलवायचा, आन मी आन माझी थोरली भन सारा कढईच्या कडंला चिकटलेली खरवड खायला टपून बसायचो. आजकाल नातवंडं लग्नात पाच-पाच गोड पदार्थ टाकून देत्यात. मला अजून कुठल्या बी गोडाची खरवड दिसली की हात आपसूक म्होरं जातो.

आज्जा आंधळा. उपजत न्हाय. ही विहीर खांदायला जी मानसं व्हती त्यांच्यातला त्यो एक, तवा जवान. निजामाचं राज्य, पाऊस न्हाय, दान्याला दाना न्हाय. घोड्यावरनं एक गोरा फादर आला आन आमच्या लोकांना म्हनला, विहीर खांदा, रोजाची ज्वारी देतो. ज्वारीसाठी खांदली, खोटं कशाला सांगू. दोन मानूस खोल खांदलं की निस्ता पाषान. सुरुंग लावायचे, दगड वर काढायचे, परत सुरुंग. एक सुरुंग उशिरा उडाला आन आज्जाचे डोळे गेले. तरी त्यो रोज काठावर येऊन बसायचा. यात्रेतली मानसं आता सांगत्यात की माउली सपनात आली आन हितं खांदा म्हनली. आज्जाला कुनी असं इचारलं की त्यो म्हनायचा, "सपन-बिपन काय न्हाय बाबा. खडक फुटला आन पानी आलं. त्याच्यापक्षा मोठा चमत्कार आनि कसला पायजे तुला?" पानी लागलं त्यो आवाज त्यानं काठावर बसून सगळ्यांच्या आधी ऐकला, असं त्याची भावकी सांगायची. त्याला त्याचा लई अभिमान. मरंपतूर पोहरा पान्यात पडला की आवाजावरनं सांगायचा, कुठवर पानी हाय.

पन देवळाचं खरं महत्त्व दगडात बी न्हाय आन पान्यात बी न्हाय. ते दोरात हाय. त्या दोराची एक रीत हाय, आन ती आज्जाच्या आयनं घालून दिली. ती थोरली आय निम्मा जलम गावच्या विहिरीजवळ हुबी राहिलेली. विहिरीवर आमाला चढता येत नव्हतं. घागर खाली दगडावर ठिवायची, चार हात लांब सरकायचं, आन गावातल्या कुठल्या बाईला दया आली की ती वरनं वतायची. निम्मं घागरीत, निम्मं मातीत. मंग ह्या माळावर आपली विहीर झाली, पानी लागलं, तवा वस्तीतल्या सगळ्या बाया एकदम धावल्या. जी ती आपली घागर म्होरं. ढकलाढकली झाली, शिव्या झाल्या, पोहराच आत पडला. तवा थोरली आय काठावर हुबी राहिली आन म्हनली, "आजवर मानसाच्या हाताकडं बघत जगलाव, आता मानसाला द्यायला शिका गं. हितं आपलं पानी आपन शेंदायचं न्हाय. म्होरलीनं मागलीला द्यायचं." तवापासनं ती रीत. रांग लावायची. तुझ्यासाठी तुझ्या म्होरची शेंदनार, तू तुझ्या मागच्या बाईसाठी शेंदायचं. यात्रेला आलेली बाई कुठली, कशाची, कुनी इचारत न्हाय. नवसाचं पानी म्हंजी हेच, अनोळखी हातानं दिलेलं.

आता तुमी म्हनाल, जी सगळ्यात म्होरं हाय तिला कोन देनार? तिच्या म्होरं तर कुनीच न्हाय. तर तिला सगळ्यात शेवटची बाई द्यायची. रांग सरली की मगच तिच्या घशात पानी. म्हनून ती पहिली घागर काढायचा मान लगीन न झालेल्या पोरीचा, आन त्यो आमच्या घरात चालत आलेला. यात्रेच्या सकाळी हलगी वाजायची, नवं लुगडं नेसून पोरगी दोराला हात लावायची, आन मंग दिसभर, उनातान्हात, हजार मानसं तिच्या डोळ्यांदेखत पानी प्यायची. ती तान्हेली बसायची. मान म्हंजी तहान, असं आमच्यात साधं गनित व्हतं.

साराला त्यो मान लगीन होईस्तवर व्हता. सांजच्याला ती घरात यायची तवा व्हटाला चिरा पडल्याल्या, पन तोंडावर असं हासू की मी बघतच राहायची. मी तिचे हात तेलानं चोळायची आन म्हनायची, "माझा नंबर कवा?" ती म्हनायची, "मी उजवले की." मंग ती भूमला नांदाया गेली. पुढल्या यात्रेला माझा नंबर. आन त्याच हिवाळ्यात माझी बी सुपारी फुटली, यात्रा झाली की लगीन, असं ठरलं. म्हंजी मला मान मिळनार त्यो एकदाच. सारासारखा तीनदा न्हाय, एकदाच. मायनं तांब्याची घागर माळ्यावरनं काढून दिली. मी ती रोज राखंनं घासायची. घासायसारखी घान नव्हती तिच्यावर, तरी घासायची.

आन त्या साली पाऊस आला न्हाय. त्याच्या आदल्या साली बी धड नव्हता. रान फुफाट्यावानी उडाया लागलं. ढोरं पावन्यांकडं धाडली, काय मेली. बा आन माय खडीच्या कामाला, दिसभर हातोडा, हाताला फोड. सुकडी मिळायची ती खायची, हुलग्याचं माडगं प्यायचं. लाल ज्वारीच्या भाकरीला काय चव नव्हती, पन पोटात दगडावानी बसायची तेवढं बरं वाटायचं. उपासकाळ संपून पुनरुत्थानाचा सन झाला की आमी विहिरीवर फळ्यांचं झाकन घालतो, यात्रेपतूर. पानी राखायचं, यात्रेकरूंसाठी. तवर आमच्या वस्तीच्या बायांना परत गावच्या विहिरीवर जाऊन हुबं राहावं लागायचं, जुन्यावानी. आपल्या देवाच्या पावन्यांसाठी आमी दर साली महिनाभर मान खाली घालायचो.

गावच्या विहिरीवर बहुतकरून शिवम्मा अक्का असायच्या. पेठेतल्या वान्याच्या घरच्या. कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, घरात कानडी बोलायच्या आन आमच्याशी मराठी. खरं सांगायचं तर बाकीच्या बायांपक्षा त्या बऱ्या. दुसऱ्या ताटकळत ठिवायच्या, ह्या न्हाय. "ठिव गं घागर, सरक तिकडं," म्हनायच्या आन भरंपतूर वतायच्या. पन वरनं. धार अंगावर उडायची आन मी पदर सावरत राहायची. एकदा माझं बोट चुकून त्यांच्या कळशीला लागलं. कळशी उपडी केली, राखंनं घासली, परत भरली. मी घागर घिऊन हुबीच. शिवी दिली असती तर मी इसरले असते.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. पार तळ दिसला, मंग तळाला भेगा पडल्या. वगळीच्या वाळूत झिरे खांदले, ते बी गेले. टँकर येनार, येनार म्हनत व्हते. पानी हाय कुठं, तर झाकनाखाली, माळावर. यात्रेला तवा लई दिस उरले नव्हते.

पाटील आले ते चार मानसं घिऊन. बा दारात हातोड्याचा दांडा बसवत व्हता. आज्जा देवळाच्या पायरीवर.

"याकोबा, झाकन काढ बाबा. गाव मराया लागलंय."

बा म्हनला, "पाटील, ती यात्रेची विहीर हाय. लोक कोसावरनं येत्यात. त्यांना काय रिकामा पोहरा दाखवू?"

"यात्रा काय, पुढल्या साली बी भरंल. आमच्या बाया येतील, आपला दोर आनतील, आपलं आपन शेंदून घेतील. तुमची मानसं तवर जरा बाजूला हुबी राहू द्या, मंग तुमी घ्या. भांडन न्हाय, तंटा न्हाय."

बाच्या हातातला दांडा थांबला. मला वाटलं आता काय तरी व्हतंय. पन आज्जाच बोलला. "पाटील, पानी घ्या. माउलीच्या दारात पान्याला न्हाय म्हनायचं पाप आमी करनार न्हाव. पन हितली रीत हाय. हितं आपलं पानी कुनी शेंदत न्हाय."

पाटील हसले. "मंग काय तुमची माउली शेंदून देती व्हय?"

"म्होरला मागल्याला देतो. एकच रांग, एकच दोर. कोन कुठं हुबं राहील ते आपलं आपन बघायचं."

पाटलाला समजाया जरा येळ लागला. "म्हंजी तुमच्या हातचं आमी..."

"आमी बी तुमच्या हातचंच पीत आलाव की जलमभर," आज्जा म्हनला. "मेलाव का?"

पाटील उठून गेले. आज्जाचं बोलनं सांजपतूर गावभर झालं. भाकरी खाताना बा आज्जावर चिडला. "तुमी न इचारता दिलं. यात्रेचं काय? फादरला काय सांगू? आन मार्थीच्या घागरीचं काय?" माझं नाव निघालं तवा मी भाकरीचा तुकडा मोडत व्हते, त्यो हातातच राहिला. माय म्हनली, "वान्याची सून, शिवम्मा अक्कांची, बाळंत झालीया. पोराला न्हाऊ घालाया घरात तांब्याभर पानी न्हाय. ह्या पोरीची घागर त्याच्यापक्षा मोठी हाय का?" आज्जा म्हनला, "घागर मार्थीच काढंल. यात्रेला न्हाय, उद्या काढंल. मान त्योच."

त्यो न्हवता. मला ठाऊक व्हतं त्यो न्हवता. हलगी न्हाय, लुगडं न्हाय, सारा न्हाय, लापशीची कढई न्हाय. ज्यांनी वरनं वतलं त्यांच्यासाठी तान्हेलं बसायचं, ह्याला काय मान म्हनायचं? पन बोलायची पद्धत नव्हती. मी घराच्या मागं गेले आन ती घागर परत एकदा घासली.

सकाळी चार जनांनी फळ्या काढल्या. आतनं गार वास आला, एवढ्या फुफाट्यात त्यो वास नाकाला सोसंना. बानं हलगी आनली न्हाय. मी जुन्याच परकरात दोराला हात लावला. पोहरा सोडला, लई उशिरानं त्यो टेकला. आज्जा म्हनला, "कमरंएवढं." मी शेंदलं. वर आला, भरलेला. मंग मी मागं वळले, तर माझ्या मागं कुनीच न्हाय. आमच्या वस्तीच्या बाया एका अंगाला, गावच्या बाया लांब निंबाखाली. कुनी पाऊल उचलंना. भरला पोहरा धरून मी हुबी.

पयली आली पाटलाची म्हातारी चुलती. काठी टेकत, धापा टाकत. मागनं कुनी तरी म्हनलं, "काकू, अवो, पाटील काय म्हनतील?" म्हातारी न वळता म्हनली, "त्याला म्हनावं, ये आन माझ्या घशात थुक. तेवढीच वल. वत गं पोरी." मी वतलं. म्हातारीनं मंग पदर खवला आन दोर धरला. तिच्यानं पोहरा वढंना, तरी तिनं दुसऱ्याला हात लावू दिला न्हाय. "माझी पाळी हाय," म्हनली. तिच्या मागं आमच्या वस्तीतली एक बाई येऊन हुबी राहिली. म्हातारीनं तिच्या घागरीत पानी वतलं. तिथनं रांग सुरू झाली.

दिसभर चालली. एका बाईला एक घागर. मी विहिरीच्या दगडावर बसून बघत व्हते. ऊन डोक्यावर आलं तवा जीभ टाळूला चिकटली. पान्याचा आवाज, घागरी भरायचा आवाज, रहाटाची कुरकुर, पोरं घटाघटा पितानाचा आवाज. तान्हेल्या मानसाला किती आवाज ऐकू येत्यात ते मला त्या दिशी कळलं. आज्जा मधनंमधनं म्हनायचा, "गुडघाभर... पोटरीएवढं..." बायांची तोंडं सैल झाली. एक म्हनली, "ही बया रांगंत बी बोलती, घरात बी बोलती, हिचा नवरा भैरा कसा न्हाय झाला?" दुसरी म्हनली, "झालाय की, म्हनून तर सुखी हाय." हसल्या. गावची का वस्तीची, कोन कुनाला बोलली ते आता आठवत न्हाय.

शिवम्मा अक्का मातुर आल्या न्हाईत. सकाळधरनं निंबाखाली हुब्या. घागर म्होरं जमिनीवर ठिवल्याली आन आपन चार हात मागं. आमी त्यांच्या विहिरीवर हुबे राहायचो, अगदी तशाच. त्यांना ते कळत व्हतं का न्हाय, मला ठाऊक न्हाय. दोनदा म्होरं आल्या, परत मागं गेल्या. एकदा आमची नजरानजर झाली. सगळ्या माळावर रांगंबाहेर तान्हेली दोनच मानसं, त्या आन मी.

दिस कलला. रांग आखडत आली. शेवटी उरली माय. ती मुद्दाम सगळ्यांना म्होरं धाडत राहिलेली. तिच्या म्होरच्या बाईनं तिला पानी दिलं. आता तिच्या मागं कुनी न्हाय, म्हंजी शेवटची तीच. आता तिनं मला द्यायचं. मी उठून हुबी राहिले, वंजळ केली. मायनं दोर धरला, आन सोडला.

"अक्का," मायनं निंबाकडं बघून हाक मारली. "माझ्या मागं कोन न्हाय."

शिवम्मा अक्कांनी म्होरच्या घागरीकडं बघितलं.

"तुमच्याबिगर रांग सरत न्हाय. रांग सरल्याबिगर माझ्या पोरीला पानी मिळत न्हाय. सकाळधरनं बसलीया. बघा आता तुमी."

मला मायचा असा राग आला. एक पोहरा वढला असता तर माझ्या घशात पानी पडलं असतं. पोटची पोर तान्हेली ठिवून ती त्या बाईकडं बघत हुबी. माय काय तरी रीत पाळती असं मला वाटलं. आज, माझी लेकरं झाली, नातवंडं झाली, तवा कळतं की त्या घडीला तिचा जीव माझ्यापक्षा जास्त सुकला असंल.

अक्कांनी घागर उचलली आन आल्या. सावकाश, जमिनीकडं बघत. घागर खाली ठिवाया लागल्या. माय म्हनली, "खाली नगं. हातात धरा." मायनं पोहरा शेंदला, निम्माच आला, गढूळ. तिनं त्यो घागरीच्या तोंडाला टेकवून वतला, थेंब सांडू न देता. मंग बाजूला झाली.

अक्कांनी डोईवरचा पदर काढला, कमरंला खवला आन दोर धरला. जलमभर शेंदलेले हात, तीन-चार झटक्यात पोहरा वर. तळाला इतुसं पानी आन बाकी गाळ. त्या तशाच थांबल्या, गाळ बसू दिला. मंग पदराचं टोक सोडलं, दुहेरी केलं, माझ्या वंजळीवर धरलं, आन त्यातनं गाळून पानी वतलं. त्यांचा पदर माझ्या हाताला लागला, मनगटाला लागला, भिजून चिकटला. त्यांनी त्यो वढून घेतला न्हाय.

"कुडी," त्या कानडीत म्हनल्या, मंग मराठीत, "पी. सावकाश पी, ठसका लागंल."

मी प्याले. गाळाची चव, लोखंडाची चव, आन त्यांच्या लुगड्याला इभूतीचा वास येत व्हता, त्यो बी. आजवर तसं पानी मी प्याले न्हाय.

घागर काखेत घिऊन जाताना त्या मायला एवढंच म्हनल्या, "आमच्या सुनंला सांगू नगंस." माय म्हनली, "तुमच्या सुनंला सांगाया मला तुमच्या दारात कोन येऊ देतंय?" अक्का थांबल्या. व्हटाच्या कडंला हासू आल्यागत झालं, का मला वाटलं. मंग गेल्या.

सहा-सात दिसांत विहीर कोरडी झाली. मंग टँकर आला. बानं येष्टीच्या कंडक्टरांबरोबर गावोगाव निरोप धाडला, माउलीची विहीर आटली, यंदा येऊ नगा. यात्रेच्या दिशी आमी कुनाची वाट बघत नव्हतो. बा घंटा वाजवून आला आन माळाच्या कडंला हुबा राहिला, आन म्हनला, "मानसं येत्यात." खरंच येत व्हती. तेरची मानसं तेरना नदीच्या झिऱ्यातलं पानी घिऊन, कुनी कळशी, कुनी गाडगं. भूमवरनं माझी सारा, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधून, येष्टीत मांडीवर धरून आनलेला. निम्मं सांडलं व्हतं, लुगडं वलं झालं व्हतं. म्हनली, "माउली तान्हेली राहील म्हनून आनलं." एकेकानं काठावर येऊन आपलं पानी विहिरीत वतलं. कोरड्या दगडावर त्याचा आवाज व्हायचा आन बंद व्हायचा. लई येळ तसंच चाललं. मंग एकदा आवाज बदलला, पान्यात पानी पडल्यागत. आज्जा पायरीवर बसला व्हता. त्यानं मान वर केली, आंधळ्या डोळ्यांनी विहिरीकडं बघितलं, आन म्हनला, "पानी लागलं."

बा रडला. त्यानं भिंतीवरची हलगी काढली आन वाजवली, लापशी न्हाय, पानी न्हाय, तरी वाजवली.

तवापासनं यात्रेला येनारा आपल्या गावचं पानी आनतो आन विहिरीत वततो. आता पोरं बाटलीतनं आनत्यात, मोबाइलमदी फोटो काढत्यात. फादर लोक परवचनात त्याचा लई मोठा अर्थ सांगत्यात, चांगला सांगत्यात. मला आपला साराच्या लुगड्यावरचा वला डाग आठवतो.

त्या पावसाळ्याच्या तोंडाला माझं लगीन झालं. पहिल्या घागरीचा मान पुन्हा माझ्या वाट्याला आला न्हाय. जी काढली ती जुन्या परकरात, बिनहलगीची. पुढं सासरी लई दिस काढले, चांगले थोडे, वाईट जास्त. मालक लवकर गेले, दोन लेकरं मातीत दिली, खडी फोडली, ऊस तोडला. ते सांगत बसत न्हाय. सगळ्यांचंच असतंय.

शिवम्मा अक्कांनी आमाला घरात कवाच घेतलं न्हाय. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं न्हाय. पन दर यात्रेला, पाऊस चांगला झाल्याल्या सालीसुद्धा, त्या एक रिकामी घागर घिऊन माळ चढायच्या आन रांगंत सगळ्यात शेवटी हुब्या राहायच्या. कुनी म्होरं या म्हनलं तर यायच्या न्हाईत. दिस कलंपतूर तिथंच. मंग पहिल्या घागरीच्या पोरीला आपल्या हातानं पानी द्यायच्या, पदरातनं गाळून, पानी सवच्छ असलं तरी गाळून. लोकांनी त्याला शेवटचा मान म्हनाया सुरुवात केली. त्या गेल्या, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या रीतीपरमानं बसवून माती दिली. त्या साली रांग सरली आन पोरीला पानी द्यायला कोन, म्हनून सगळे एकमेकांकडं बघाया लागले. मी सासरवरनं यात्रेला आलेली, रांगंत मधी कुठं तरी व्हते. निघाले आन मागं जाऊन हुबी राहिले.

आता माझे गुडघे धरत न्हाईत. नात म्हनती, आज्जी, खुर्ची टाकते, म्होरं बस, तुला कोन बी आधी पानी देतंय. मी न्हाय म्हनते. शेवटी हुबी राहते. दिसभर बघते त्या पोरीकडं, तिच्या व्हटांकडं. ती माझ्याकडं बघती. सांजच्याला दोर धरते तवा हात कापत्यात, पोहरा निम्माच वर येतो. पदराचं टोक दुहेरी करून तिच्या वंजळीवर धरते. सावकाश पी म्हनते. तिला पुरतं तेवढं.